नासपतीच्या कागदाचा डबा

खळ शिजत आली की तिचा वास बदलतो. आधी तो कच्च्या मैद्याचा, जिभेला चिकटणारा असतो. पाणी आटू लागलं की उकडीसारखा कोमट होतो, आणि तुरटीची चिमूट पडताच त्या कोमटपणाला एक आंबूस, धातूसारखी धार येते. माझे वडील पुस्तकं बांधत. मिरजेला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं बाइंडिंगचं दुकान होतं, आणि कविता समजू लागण्याच्या पुष्कळ आधी मला खळ समजू लागली होती. कुठली पातळ, कुठली घट्ट, कुठली कागदाला धरील आणि कुठली दोन पावसाळ्यांत सोडून देईल, हे बोट बुडवून सांगता येई.

त्या हिवाळ्यात, आखाती देशातल्या हुफूफजवळच्या तेल कंपनीच्या वसाहतीत, मी रोज खळ शिजवत होते. हाताला काहीतरी हवं होतं. वाचायला घेतलेल्या ओळीवरून नजर घसरे. कवितेच्या वहीत मी एकच शब्द लिहून खोडत असे, आणि खोडलेल्या शब्दाखाली पुन्हा तोच लिहीत असे. बाहेरच्या हमरस्त्यावरून उत्तरेकडे लष्करी ट्रकांच्या रांगा जात, आणि स्वयंपाकघराच्या फडताळातल्या वाट्या एकमेकींना लागून बारीक वाजत राहत. ट्रक निघून गेल्यावरही त्या वाजताहेत असं वाटे. खळ ढवळताना मात्र हात थांबवता येत नाही, थांबला की गाठी होतात. म्हणून मी ढवळत असे.

आमचं घर त्या वसाहतीतल्या सर्वांत जुन्या घरांपैकी एक. तेलाच्या पहिल्या दिवसांत अमेरिकन कुटुंबांसाठी बांधलेलं. बाकीच्या खोल्यांना केव्हातरी रंग देऊन टाकला होता, पण मधल्या खोलीच्या भिंतींवर त्या काळातला कागद तसाच होता. फिकट हिरव्या जमिनीवर नासपतीच्या फांद्या, पानांत अर्धी लपलेली पिवळी फळं, आणि मधूनमधून एखादा राखी पक्षी. बाहेर दारापर्यंत आलेली वाळू, आणि आत ही बाग. नासपतीचं झाड आमच्या घरात कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. कपाटाच्या वरच्या कप्प्यात त्याच कागदाच्या तीन गुंडाळ्या मला मिळाल्या. त्या कधीच उलगडल्या गेल्या नव्हत्या. कडा जुन्या तुपासारख्या पिवळ्या पडल्या होत्या, आणि पहिली गुंडाळी सोडली तेव्हा तिच्यातून बंद ट्रंकेचा, थोडा गोडसर वास आला. कुणातरी बाईने कधीकाळी भिंत खराब झाली तर असावा म्हणून ठेवलेला तो कागद होता.

त्याचे डबे करायचे हे मला शेजारच्या अमेरिकन बाईंनी दाखवलं. त्या वयस्कर होत्या, वसाहतीच्या ग्रंथालयात काम करीत. त्यांच्याकडे त्यांच्या पणजीचा एक लांबट गोल डबा होता, पातळ पुठ्ठ्याचा, बाहेरून भिंतीच्या कागदाने मढवलेला. निळा रंग उडून धुरकट झाला होता. त्यांच्या पणजीच्या काळी खोलीला कागद लावून जो उरे, त्याचे बायका असे डबे करीत आणि त्यांत टोप्या, फिती, कॉलर ठेवीत. आतून वर्तमानपत्र चिकटवीत. पुठ्ठा ओला करून लाकडी साच्याभोवती वळवायचा आणि जिथे दोन टोकं एकमेकांवर येतात तिथे सुईदोऱ्याने शिवून टाकायचं, ही त्यांची रीत. माझे वडील पुठ्ठ्याचे डबेही करीत, पण ते चौकोनी असत आणि शिवणीला त्यांत जागा नव्हती. पुठ्ठ्याला टाके घालायचे हे मला नवं होतं. मी त्या डब्याच्या कडेवरून बोट फिरवलं. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी शिजवलेली खळ अजून धरून होती.

नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये कुवेत शत्रूच्या हाती गेलं आणि त्या आठवड्याभरात बाई निघून गेल्या. दोन बॅगा विमानाच्या पोटात गेल्या, आणि तो डबा त्या मांडीवर घेऊन बसणार होत्या.

आमच्या घरी त्याआधीच्या हिवाळ्यात एक डबा झाला होता. सासूबाईंनी निघताना तीन देव दिले होते. बोटभर उंचीची पितळी अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण, आणि कुलदेवीचा चांदीचा टाक. ते या देशात कसे आले हे मी अजूनही कुणाला सांगत नाही. इथे मूर्तिपूजेला कायद्याने बंदी होती, देव उघड्यावर मांडायचे नसत आणि कोणी मांडतही नसे. प्रत्येकीच्या घरी ते कुठेतरी असत, तांदळाच्या डब्यामागे, साड्यांच्या घडीत, आणि आम्ही एकमेकींना कधी विचारलं नाही. उदबत्ती नाही, घंटा नाही. कापूर वर्षातून एकदा, दिवाळीला, स्वयंपाकघरातला पंखा लावून. मी त्यांच्यासाठी बाईंच्या पद्धतीचा गोल डबा शिवला, आतून लाल खणाचं कापड लावलं आणि बाहेरून, मागची शिवण तेवढी उघडी ठेवून, नासपतीचा कागद. झाकण उलटं ठेवलं की देवांना पाट होई. पूजा आटोपली की देव आत, झाकण वर, आणि डबा मधल्या खोलीतल्या फडताळावर. मागच्या भिंतीवर तोच कागद असल्यामुळे डबा भिंतीत मिसळून जाई. फांदी भिंतीवरून निघून डब्यावर येई आणि पुन्हा भिंतीवर जाई. ती जुळवायला मला दोन दिवस लागले होते आणि त्याचा मला अभिमान होता.

देवांचं तोंड पूर्वेला असावं, असं सासूबाईंनी दोनदा बजावलं होतं. म्हणून डबा पश्चिमेच्या भिंतीशी होता.

भाभी आमच्यापासून तिसऱ्या घरात राहत. त्या श्रीवर्धनकडच्या, खाडीकाठच्या गावातल्या. त्यांचे मिस्टर कंपनीच्या गाड्यांच्या वर्कशॉपवर मुख्य होते, आणि नोव्हेंबरात त्यांना उत्तरेला सरहद्दीजवळच्या हफ्र अल बातिनला पाठवलं, कारण तिकडे गाड्यांची गर्दी उसळली होती आणि दुरुस्त करणारे हात कमी होते. मुलं गावी आजीकडे शिकत होती. भाभींना घरी परत जायची मुभा होती, पण नवरा इथे असताना आपण जाऊन काय करायचं, असं त्या म्हणत. आम्हीही राहिलो होतो, थोडं वेगळ्या कारणाने. माझ्या नवऱ्याचं काम प्लांट बंद पडू न देण्याचं होतं आणि आमचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होते. परवानगीचा अर्ज गेला होता. रोज कुणीतरी सांगे की उद्या उत्तर येईल.

दुपारी भाभी येत. आमच्या मुलीची शाळा बंद झाली होती. नऊ वर्षांची ती जमिनीवर पालथी पडून गोष्टींची तीच तीच पुस्तकं वाची आणि मी मराठीत काही विचारलं की हिंदीत उत्तर देई. भाभी पाय पसरून बसत आणि गोधडीच्या जाड सुईने पुठ्ठा शिवत. त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हे पहिल्याच दिवशी दोघींना कळलं. "तू काय टाके घालतंस गो, की खिळे ठोकतंस?" असं त्या विचारत. आम्ही औषधांसाठी, मेणबत्त्यांसाठी, कागदपत्रांसाठी डबे करत होतो. घरोघर तयारी ठेवा असं सांगितलं होतं, आणि प्रत्येक घराला असा एक डबा हवा असे. नासपतीच्या गुंडाळ्या हळूहळू संपत आल्या. वसाहतीतल्या कितीतरी घरांत आता ती बाग तुकड्यातुकड्यांनी पोहोचली होती.

आतून लावायला आम्ही वर्तमानपत्रं वापरत होतो. गावाहून आलेल्या पार्सलचं मराठी वर्तमानपत्र मी डोळे मिटून फाडत असे. पण अरबी किंवा उर्दू पान हातात आलं की भाभींची सुई थांबे. त्या ओळीवरून बोट फिरवत पान वाचत, आणि जिथे जिथे अल्लाचं नाव येई तिथे कात्रीने तेवढाच चौकोन अलगद कापून काढत. एकेक चौकोन तुपाच्या रिकाम्या डब्यात जाई. समुद्रावर गेलो की पाण्यात सोडायचे, असं ठरलं होतं. एकदा एक चौकोन पंख्याच्या वाऱ्याने उडून सतरंजीखाली गेला, तर त्यांनी सगळी खोली हलवून तो शोधला. त्या नावावर कुणाचा पाय पडू नये, त्यावर खळ लागू नये. मी ते रोज पाहत होते. मला माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

जानेवारीत युद्ध सुरू झालं. माझ्या नवऱ्याने त्याआधीच मधली खोली बंद करून घेतली होती. एकच खिडकी, तीही आतल्या बोळात उघडणारी. तिच्यावर त्यांनी प्लॅस्टिकचा दुहेरी कागद ताणला आणि चहूबाजूंनी तपकिरी चिकटपट्टी लावली, पट्टीचा एक थर, मग दुसरा. दाराच्या फटीसाठी ओले टॉवेल. रासायनिक हल्ला झालाच तर याच खोलीत थांबायचं होतं. ते पट्ट्या लावत असताना मी फडताळावरच्या डब्याकडे पाहिलं आणि मला बरं वाटलं. देव आपोआप आतल्या खोलीत होते. त्यांना बाहेर ठेवून आपण आत बसायचं, ही कल्पना मला सहन झाली नसती. पितळेला विषारी वायू काय करणार, हे मला कळत होतं. तरीही.

पहिला भोंगा वाजला तो संध्याकाळी, सूर्य टेकायच्या बेतात. तो आवाज खालून वर चढत जाई आणि सर्वांत वरच्या टोकाला थरथरत राही. भाभी एकट्या होत्या, म्हणून त्यांनी आमच्याकडे यायचं हे आधीच ठरलं होतं. त्या धावत आल्या, एका हातात कंपनीने वाटलेला गॅसचा मास्क आणि दुसऱ्या हातात नमाजाला अंथरायचं, घडी केलेलं जानमाज. आम्ही चौघं आत आलो, दार लागलं, टॉवेल बसवले. रबराचा वास, ओल्या सुताचा वास, चार माणसांचा श्वास. रेडिओवर एक माणूस शांतपणे बोलत होता. थोड्या वेळाने प्लॅस्टिकच्या पलीकडून, जाड पाण्याखालून यावी तशी, मगरिबची, सूर्यास्ताच्या नमाजाची अजान आली.

भाभींनी मास्क गळ्यात सोडला आणि किब्ला, नमाजाला तोंड करायची दिशा, कुठल्या बाजूला, असं विचारलं. माझ्या नवऱ्याने, दिशांची आवड असलेल्या इंजिनियरच्या तत्परतेने, पश्चिमेच्या भिंतीकडे हात केला आणि सांगितलं, किंचित डावीकडे.

किंचित डावीकडे फडताळ होतं.

भाभींनी जानमाज अंथरलं आणि त्या उभ्या राहिल्या. त्यांच्या समोर, हातभर वर, नासपतीची फांदी भिंतीवरून निघून डब्यावर येत होती. त्या वाकल्या, गुडघ्यांवर आल्या, त्यांनी कपाळ जमिनीला टेकवलं. मी श्वास धरून बसले होते आणि तो वायूच्या भीतीने धरला आहे असं मुलीला वाटलं असावं. आमच्याकडे ती दिवेलागणीची वेळ. इतर दिवशी याच सुमाराला मी झाकण काढून दोन मिनिटं हात जोडत असे. त्या दिवशी माझ्या देवांसमोर दिवा नव्हता. एक बाई सजदा करत होती, आणि तिला ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डबा हलवायचं मी ठरवलं. कुठे? पूर्वेला दार आणि आमच्या अंथरुणांची पायथ्याची बाजू. खिडकीशी पट्ट्या. जमिनीवर ठेवणं शक्य नव्हतं. खोलीबाहेर नेऊन ठेवायला माझं मन घेईना. नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, भाभींना काय कळतंय, बंद डबा तर आहे, आणि ते ड्यूटीवर गेले. मग मीही तेच म्हणू लागले. बाहेरून कागद आहे. कागद दिसतो तेवढंच तिथे आहे. अशा रीतीने मी स्वतःला फसवत गेले, आणि दर संध्याकाळी भोंगा वाजेल का याची वाट पाहताना मला दोन भीती वाटू लागल्या. एक आकाशातून येणारी होती. दुसरी फडताळावर होती.

भोंगे पुढेही वाजत राहिले, काही पहाटे, पण बरेचसे त्याच तिन्हीसांजेच्या वेळी. जानमाज आता आमच्याकडेच राहत होतं, खुर्चीच्या पाठीवर टाकलेलं. एकदा भाभी नमाजात असताना मी मुलीकडे पाहिलं. ती डब्याकडे पाहत होती, मग भाभींकडे, मग माझ्याकडे. सगळं संपून भाभी घरी गेल्यावर तिने हळूच विचारलं, "मम्मी, आंटी को पता है क्या?"

मी तिला झोपायला सांगितलं.

त्यानंतरच्या दुपारी भाभी एका मोठ्या डब्याचं झाकण शिवत होत्या. तो त्या स्वतःसाठी करत होत्या, मिस्टर परत आले की त्यांच्या कागदांना म्हणून. कडेची पट्टी वळवून शिवताना टाके नीट बसेनात. त्या म्हणाल्या, तुझा तो पहिला डबा आहे ना, फडताळावरचा, त्याची शिवण बघू दे, तो बाईंसमोर शिवलेला, त्यात खरी रीत असेल. आण खाली. मी म्हटलं, त्यात काचेचं सामान आहे, बांधून ठेवलंय. माझा आवाज मला ऐकू आला, गुळगुळीत, कुठेही न अडकलेला. भाभी म्हणाल्या, बरं, आणि त्या टाका घालत राहिल्या. त्या संध्याकाळी भोंगा झाला. त्यांनी त्या काचेच्या सामानासमोर कपाळ टेकवलं.

मला त्या रात्री डोळा लागला नाही. सकाळी त्या आल्या, बसल्या, सुई हातात घेतली, आणि मी खळीचं भांडं गॅसवरून न उतरवताच बोलले.

"भाभी, फडताळावरच्या त्या डब्यात माझे देव आहेत."

त्यांची सुई पुठ्ठ्यात अर्धी होती. "मधल्या खोलीतल्या?"

"हो."

"कधीपास्नं?"

"पहिल्यापासून."

त्यांनी सुई पूर्ण बाहेर ओढली. दोरा दातांनी तोडला. ओल्या फडक्याला एकेक बोट पुसलं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, मग दुसरा हात. उठून मधल्या खोलीत गेल्या. मला वाटलं डब्याकडे गेल्या, पण त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. खुर्चीवरचं जानमाज उचलून घडी केली, काखेत घेतलं आणि त्या निघाल्या. अर्धं शिवलेलं झाकण सतरंजीवर राहिलं. मागे खळ करपल्याचा वास सुटला होता.

पुढचे दिवस मी कसे काढले ते सांगणं कठीण आहे, कारण त्यांत काहीच घडलं नाही. मी दाराशी जाई आणि परत येई. त्यांच्या घराच्या खिडकीला पट्ट्या नव्हत्या, कारण त्या आमच्याकडे येणार होत्या. त्यांच्याकडे बंद खोली नव्हतीच. एका संध्याकाळी भोंगा वाजला. आम्ही तिघं आत बसलो, आणि मी टॉवेल लावायला उशीर करत राहिले. त्या आल्या नाहीत. जानमाज जिथे अंथरलं जाई तेवढी जागा आम्ही तिघांनीही मोकळी सोडली होती. दुसऱ्या भोंग्यालाही त्या आल्या नाहीत. दूर कुठेतरी जमिनीखालून आल्यासारखा धक्का बसला आणि फडताळावर डब्यातले देव एकमेकांना लागून वाजले. टाकाचा चांदीचा आवाज मला ओळखता आला.

आणि या सगळ्या अस्वस्थतेत आणखी एक गोष्ट होती, जी मी तेव्हा नवऱ्याजवळही बोलले नाही. भाभी हे कुणाला सांगतील का, असा विचार माझ्या मनात आला होता. एकदा नाही, बऱ्याचदा.

तिसरा भोंगा सुरू झाला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. नवरा मुलीला घेऊन मधल्या खोलीकडे गेला आणि मला हाक मारू लागला. मी मास्क उचलला, त्यांना दार लावून घ्या म्हटलं आणि बाहेर पडले. "अगं, कुठे चाललीस?" हे मी पायऱ्यांवर ऐकलं. बाहेर आकाश हळदीसारखं पिवळं होतं, वाळूचा बारीक कण हवेत तरंगत होता, आणि रस्ता इतका रिकामा की माझ्या चपलांचा आवाज दोन्ही बाजूंच्या घरांवरून परत येत होता. मुलीला तिथे सोडून आपण पळतो आहोत हे मला कळत होतं. अजूनही मी ते बरोबर केलं असं म्हणत नाही.

भाभी न्हाणीघरात होत्या. दाराखाली ओली चादर कोंबून, उलट्या बादलीवर बसलेल्या. मला आत घेऊन त्यांनी चादर पुन्हा नीट बसवली.

"पोरगी कुठं?" त्यांनी विचारलं.

"तिच्या बाबांजवळ."

"मग तू हितं कशाला?"

मी फरशीवर बसले. फरशी ओली होती आणि साबणाच्या वासात भोंग्याचा आवाज घुमत होता. त्या नळाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "मी कुनाला बोलले नाय. घरवाल्याला पन नाय. तुला वाटलं असंल, भाभी सांगंल कुनाला तरी."

खोटं बोलणं सोपं होतं. "वाटलं होतं," मी म्हटलं.

"मग ते जास्त वाईट," त्या म्हणाल्या.

भोंगा थांबला. आता नुसतं वाट पाहणं उरलं. नळातून थेंब पडत होता, एक, मग बऱ्याच वेळाने दुसरा.

"देव लपवतंस त्याचं काय नाय गो. समदे लपवतात. माजी नमाज माजी हाय. तिचं काय ते मी बघीन, अल्ला बघंल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पन माज्यासमोर बसून तू मला येडी बनवलंस. एवढे दिस. मी कात्रीनं नाव कापून काढताना बघत व्हतीस ना?"

"हो."

"बोलली असतीस, तर त्या टायमाला खाली काढ म्हटलं असतं. एवढंच व्हतं."

माफी मागायचा शब्द माझ्या तोंडाशी होता, पण त्या न्हाणीघरात तो फार छोटा वाटला. काही वेळाने भाभींनी अंगावरची ओढणी काढून माझ्या पायांखाली सरकवली, फरशी गार आहे म्हणून. धोका टळल्याचा भोंगा वाजेपर्यंत आम्ही तशाच बसलो होतो. घरी आल्यावर नवरा माझ्याशी रात्रभर बोलला नाही, आणि मुलीने माझा हात मनगटाशी असा धरून ठेवला की सकाळी तिथे बोटं उठलेली दिसत होती.

पुढच्या भोंग्याला भाभी आल्या. काखेत जानमाज होतं. टॉवेल लागले, रेडिओ सुरू झाला. अजान येण्याआधी मी उठले, फडताळावरून डबा दोन्ही हातांनी उतरवला, आणि त्यांच्या मागे, दाराशी, ओल्या टॉवेलांना पाठ लावून बसले. डबा मांडीवर घेतला. समोर नुसती भिंत राहिली, नासपतीची, आणि फडताळावर डब्याच्या बुडाएवढी धूळ नसलेली जागा. भाभींनी मागे वळून पाहिलं नाही. जानमाज अंथरून त्या उभ्या राहिल्या.

त्यानंतर युद्ध संपेपर्यंत तसंच चाललं. अजान आली की मी डबा उतरवी, नमाज संपून त्यांनी जानमाजचा कोपरा दुमडला की परत ठेवी. मधली ती काही मिनिटं डबा माझ्या मांडीवर असे. देवांचं वजन किती थोडं असतं हे मला तेव्हा कळलं. दूरचा धक्का बसला की ते माझ्या तळव्यांखाली हलत, आणि मी दोन्ही हात डब्याभोवती असे धरी की आवाज होऊ नये, समोर कुणी बोलत असताना लेकराला धरावं तसे. ती माझीही दिवेलागण होती. त्या काळात मी दुसरी पूजा केली नाही.

फेब्रुवारी संपता संपता भोंगे थांबले. उत्तरेकडून जळत्या तेलविहिरींचा धूर येऊ लागला आणि भर दुपारी दिवे लावावे लागले. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काजळीचे बारीक ठिपके पडत. नवऱ्याने खिडकीच्या पट्ट्या काढायला घेतल्या तेव्हा पट्टीबरोबर भिंतीचा कागदही फाटून आला. खिडकीभोवती हातभर रुंदीची बाग गेली, आणि मागे सिमेंट दिसू लागलं. डागडुजीला गुंडाळी उरली नव्हती. मी ती भिंत तशीच ठेवली.

मार्चमध्ये भाभींचे मिस्टर हफ्र अल बातिनहून परतायचे होते. त्याच्या आदल्या दिवशी त्या दुपारी आल्या आणि म्हणाल्या, माझं झाकण कुठं ठेवलंयस. मी ते जपून ठेवलं होतं, सुई त्यातच होती. त्या पाय पसरून बसल्या, सुईत दोरा ओवला, दोन टाके घातले आणि थांबल्या.

"आता तरी शिवण दाखवशील काय?"

मी मधल्या खोलीत गेले. तिन्ही देव काढून एका ताटलीत स्वयंपाकघरात ठेवले, त्यांच्यावर स्वच्छ रुमाल टाकला, आणि रिकामा डबा घेऊन आले. भाभींनी तो आधी सतरंजीवर ठेवला नाही, हातातच धरला. झाकण काढून आतल्या लाल खणावरून एक बोट फिरवलं. मग डबा उजेडाकडे तिरपा करून बाहेरच्या शिवणीवरून नख नेलं, वरपासून खालपर्यंत, एकेक टाका मोजत असल्यासारखं. मी समोर बसून पाहत होते. मी बांधलेलं पहिलं पुस्तक वडिलांनी तपासलं होतं तेव्हाही मी अशीच समोर बसले होते.

"वाकडी हाय," त्या म्हणाल्या. "हितं बघ. तीन टाके एका रेषेत नाय. आनि हे मी शिकनार व्हते."

त्यांनी सुई उचलली, माझ्याकडे न विचारता पाहिलं, आणि मी मान हलवल्यावर त्या तीन टाक्यांपैकी पहिला उसवायला घेतला.